पावसापूर्वीची वाट

शहरांत राहणाऱ्या माणसाला रस्ता ही वस्तु हवेसारखी वाटते. ती असतेच, नसली म्हणजे तिची आठवण होते, आणि तीहि नगरपालिकेला दोष देण्यापुरती. हा रस्ता कोणाच्या जमिनीवरून गेला, ती जमीन त्यानें आनंदानें दिली कीं नाइलाजानें, हें विचारण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाहीं. खेड्यांत मात्र डांबरी सडक जेथें संपते आणि शेताकडे जाणारी वाट जेथें सुरू होते, तेथून पुढें पायाखालची माती कोणाच्या तरी सातबाऱ्यावर लिहिलेली असते, आणि तो मनुष्य आपल्याला रोज भेटत असतो. अशा वाटेला कागदोपत्रीं पाणंद म्हणतात. आमच्या बीड जिल्ह्यांत लोक तिला पांदण म्हणतात. ती पावसाळ्यापूर्वीं वर्गणी काढून आणि अंगमेहनत करून नीट करण्याचा जो उद्योग गांवोगांव चालतो, त्याविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें.

बीड हें नांव वर्तमानपत्रांत येतें तें बहुधा दुष्काळाच्या किंवा ऊसतोडीच्या संबंधानें. तेव्हां जेथें उन्हाळ्यांत पाण्याचे टँकर फिरतात तेथें चिखलाची तक्रार कसली, असा प्रश्न परगांवच्या वाचकाला पडेल. परंतु या दोन्ही गोष्टी एकाच जमिनीवर थोड्या महिन्यांच्या अंतरानें घडत असतात. जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची रांग गेली आहे. रांगेवरची जमीन बहुतेक हलकी, मुरमाड. तींत पाणी चटकन् मुरतें आणि वाट पुन्हां चालती होते. पण गोदावरी, सिंदफणा आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन निराळ्या स्वभावाची आहे. तिच्यांतील चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली म्हणजे आक्रसून तिला खोल भेगा पडतात. वर्षाचा सारा पाऊस सरासरीनें साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. परंतु वाट बंद पाडावयाला दोन दिवसांची झड पुरते. गाडीचें चाक आंसापर्यंत रुततें, ट्रॅक्टर जागच्या जागीं चाकें फिरवीत बसतो, आणि पायीं चालणाराच्या वहाणांना इतकी माती चिकटते कीं तो त्या काढून हातांत घेतो.

या चिखलाची किंमत काय पडते तें पाहण्यासारखें आहे. मृगाचा पाऊस झाला म्हणजे पेरणीची घाई उडते; बियाणें आणि खत सडकेवर उतरवून तेथून डोक्यावर न्यावें लागतें. युरियाची एक गोणी ४५ किलोंची असते, आणि ती सोडून, वांटून, पाट्यांतून शेतापर्यंत नेणारी बहुधा बाई असते. श्रावणांत दुधाच्या किटल्या संकलनाची वेळ टळून गेल्यावर सडकेला लागतात. सोयाबीनची काढणी नवरात्राच्या सुमारास येते. त्याच वेळीं परतीचा पाऊस गांठतो, मळणीयंत्र शेतापर्यंत जाऊं शकत नाहीं, आणि रचून ठेवलेल्या गंजींतल्या शेंगांना कोंब फुटतात. वर्षाचें उत्पन्न हातांशीं येऊन अर्ध्या कोसाच्या चिखलानें बुडालेलें आम्ही पाहिलें आहे. शेतांत वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांचीं मुलें त्या दिवसांत शाळा चुकवितात. आणि एखादी बाई अडली तर बाजेला बांबू बांधून चार माणसांनीं तिला खांद्यावरून सडकेपर्यंत आणावें लागतें. ही शेवटची गोष्ट लिहितांना आम्ही अतिशयोक्ति करीत नाहीं. आमच्याच शिवारांत ती घडलेली आहे.

आतां कोणी म्हणेल, वाडवडिलांच्या काळीं वाटा नव्हत्या काय? होत्या, आणि गांवच्या नकाशावर त्या अजूनहि आहेत. तुटक दुहेरी रेषेनें दाखविलेला तो गाडीमार्ग. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषेनें दाखविलेली ती पायवाट. ती सव्वाआठ फूट. नकाशा भिंतीवर लावून शेतांत जाऊन पाहावें तर एकवीस फुटांचे पांच फूट झालेले असतात. हें पाप कोणा एकाचें नाहीं. दर साल नांगराचें एक तास बांधाच्या बाहेर सरकतें, दोन्ही बाजूंनीं सरकतें, आणि चाळीस वर्षांत पांदण चोरीला जाते. चोर मात्र सांपडत नाहीं. उरलेल्या पट्ट्यावर वेडी बाभूळ माजते. दुसरें कारण वांटण्यांचें. वीस एकरांचें रान एका भावाकडे होतें तोंवर त्याला आपल्याच शेतांतून आपल्याच शेतांत जाण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. त्याचे चार भाग झाले, भागांचे पुन्हां भाग झाले, आणि मागच्या तुकड्यावाल्याला सडक परकी झाली. त्याच्या वाटणीपत्रांत जमीन आहे, विहिरींतला हिस्सा आहे, आंब्याचें एक झाडहि आहे. वाट मात्र लिहावयाची राहून गेलेली असते.

कायदा नाहीं असेंहि नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ अन्वयें शेतकऱ्याला दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीवरून वाट मागतां येते; तहसीलदारानें चौकशी करून, शेतीला पोंचण्याची वाजवी गरज ध्यानांत घेऊन निकाल द्यावा, असें तें कलम सांगतें. चालू असलेली वाट कोणी अडविली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ प्रमाणें अडथळा काढून मागतां येतो. मात्र सहा महिन्यांच्या आंत मागावें लागतें. हे सहा महिने मोठे मार्मिक आहेत. गांवांतला मनुष्य शेजाऱ्यावर फिर्याद करण्यापूर्वीं त्याची वाट पाहतो. पोळा जाऊं दे म्हणतो, दिवाळी जाऊं दे म्हणतो, त्याच्या मुलीचें लग्न होऊं दे म्हणतो. आणि ही सभ्यता पाळतां पाळतां मुदत निघून जाते. शिवाय निकाल लागलाच तर त्यावर अपील आहे, दिवाणी दावा आहे. आणि निकालानें मिळालेल्या वाटेवरून जातांना शेजारी पाठ फिरवून उभा राहतो, त्यावर कोणत्याहि कलमांत उपाय नाहीं.

सरकारनेंहि या बाबतींत हात आखडता घेतला आहे असें म्हणतां येणार नाहीं. निजामी अमलांत जहागीरदारांच्या मुलखांत पुष्कळ कामें वेठीनें करून घेतलीं जात. १९४८ च्या सप्टेंबरांत तो अंमल संपला आणि पुढें राज्यघटनेनेंच वेठबिगार बंद केली. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्याच्या खडीकेंद्रांवर हजारों बायामाणसांनीं दगड फोडले. त्या दिवसांतली मजुरी ही पुढें वि. स. पागे यांच्या प्रयत्नानें उभ्या राहिलेल्या रोजगार हमीच्या रूपानें हक्क ठरली, आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. अलीकडे, २०१८ सालीं आणि पुन्हां २०२१ सालीं, पाणंद रस्त्यांकरितां स्वतंत्र योजना निघाल्या. परंतु योजना रस्ता बांधून देते. त्याखालची जमीन मिळवून देत नाहीं. ती गांवानेंच एकमतानें मोकळी करून द्यावी लागते. म्हणजे पहिलें पाऊल पुन्हां शेजाऱ्याच्या दाराशींच येऊन थांबतें.

आम्ही राहतों अंबाजोगाईस. चार एकर वडिलोपार्जित रान केज तालुक्यांत, मांजरेच्या खोऱ्यांत आहे. तें चुलतभाऊ करितात. वर्षांतून दोनतीन वेळां जाऊन हुरडा किंवा आंबे खाऊन यावयाचें, एवढाच आमचा शेतीशीं संबंध होता. तीन वर्षांपूर्वीं पाडव्याच्या दिवशीं मारुतीच्या पारावर पांदणीची बैठक ठरली, आणि पट्टी शहरांतल्या हिस्सेदारानेंहि द्यावयाची आहे असा निरोप आल्यामुळें आम्ही गेलों.

पाडव्याचाच मुहूर्त कां, याला कारण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल. कारखान्यांचा हंगाम आटोपला म्हणजे टोळ्या चैत्राच्या सुमारास परत फिरतात. तेव्हां ज्वारी निघालेली असते, शिवार मोकळें असतें, जमीन वाळून टणक झालेली असते, आणि गांवांत माणूस असतो. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. पाडव्यापासून मृगापर्यंतचे हे दोन सवादोन महिनेच वाटेचे; पुढें नांगर पेरणीला लागतो आणि यंत्र चिखलांत शिरत नाहीं. साऱ्या वर्षांत गांव भरलेलें आणि रान रिकामें असें एवढ्या दिवसांतच असतें.

वाट एक किलोमीटरची. तिच्यावर अवलंबून तेवीस खातेदार आणि सत्तर एकर जमीन. बैठकींत पहिला प्रश्न पट्टीचा. कोणी म्हणालें, घरटीं सारखी काढा. त्यावर अर्ध्या एकराचा धनी उठून गेला. कोणी म्हणालें, एकरीं काढा. त्यावर सडकेलगतचे म्हणाले, आमच्या शेताला वाट लागतच नाहीं, आम्हीं एकरीं कां भरावें? मग एका वृद्ध गृहस्थांनीं तोडगा काढला कीं पट्टी अंतरावर बसवावी. ज्याचें रान वाटेच्या शेवटीं त्याला वाटेचा उपयोग सर्वांत जास्त. त्यानें एकरीं हजार द्यावे, मधल्यांनीं सहाशें, सडकेकडच्यांनीं तीनशें. हिशेब वाजवी होता, म्हणून तो कोणालाच पूर्णपणें आवडला नाहीं आणि सर्वांनीं मान्य केला. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहेत त्यांनीं डिझेलच्या खर्चांत खेपा कराव्या. आणि तोडीवरून परतलेले लोक म्हणाले, पैसा उचलींत फिटला, आम्ही बाभळी तोडूं आणि चर खणूं. पैसा न देणाऱ्यांच्या मजुरीची किंमत रोजाच्या दरानें वहींत जमा धरावी असें ठरलें. हा ठराव आम्हांला फार योग्य वाटला. नाहीं तर सार्वजनिक कामांत पैसा देणारा दाता होतो आणि घाम देणारा नुसता मजूर राहतो.

दुसरा प्रश्न मुरमाचा. बारा फूट रुंदीची, एक किलोमीटर लांबीची वाट, तिच्यावर अर्धा फूट जाडीचा थर म्हटला तर सुमारें दोनशें ब्रास मुरूम लागतो. ट्रॉलींत एक ब्रास मावतो, म्हणजे दोनशें खेपा. तेवढें आवांक्याबाहेरचें होतें. म्हणून तहसिलीची परवानगी काढून गांवतळ्याजवळचा मुरूम घ्यावा, आणि तो काळ्या मातीच्या अर्ध्या भागावरच टाकावा असें ठरलें. तोडीवरून आलेल्या एकानें त्या वेळीं सांगितलेली गोष्ट इंजिनियरनेंहि ऐकावी अशी होती. तो म्हणाला, मुरूम कमी पडला तरी चालेल, पण दोन्ही अंगांनीं चर पाहिजे आणि वाट मधोमध उंच पाहिजे. काळ्या रानांत पाणी उभें राहिलें कीं मुरूम खालीं जातो आणि माती वर येते. पैसा गाडल्यासारखा होतो. त्यानें परमुलखांत ऊस भरलेल्या गाड्या रुततांना शंभर वेळां पाहिल्या होत्या.

हें सारें सुरळीत ठरल्यावर तिसरा प्रश्न निघाला, आणि बैठक गप्प झाली. नकाशांतली पांदण सडकेपासून ओढ्याच्या कांठानें जात असे. परंतु ओढ्यानें पात्र बदलून सुरुवातीचा शंभर मीटरांचा पट्टा खाऊन टाकला होता. आतां वाट न्यावयाची तर ती पहिल्याच शेताच्या धुऱ्याच्या आंतून न्यावी लागणार. त्या शेताचे मालक, ज्यांना सारें गांव आबा म्हणतें, ते बैठकीला आलेच नव्हते. त्यांची जमीन सारी दोन एकर. वाटेखालीं जाणार होते साडेतीन गुंठे, म्हणजे एकंदर रानाचा सुमारें तेविसावा हिस्सा. आणि त्यांचें शेत सडकेला लागून. त्यांना या वाटेचा उपयोग कवडीचा नव्हता. तेव्हां सर्वांत अधिक जो देणार त्याला सर्वांत कमी मिळणार, अशी ही गोष्ट होती. पट्टीचा हिशेब अंतरावर बसवितां आला. हा हिशेब कशावर बसवावयाचा?

पहिल्यांदा तरुण मंडळी नकाशा आणि कलमांची छापील प्रत घेऊन आबांकडे गेली. आबांनीं ती उलटी धरून पाहिली आणि म्हणाले, "लई चांगलंय. तहसिलीत जावा." दुसऱ्यांदा वडील मंडळी गेली, चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या, आणि वाटेचा विषय निघतांच आबा बैलांना पाणी दाखवावयास उठले. मग हळूहळू कळलें कीं वाटेचा प्रश्न वाटेवर नव्हताच. पंधरा वर्षांपूर्वीं आबांनीं ओढ्यापलीकडे विहीर पाडली होती, आणि तिचें पाणी आपल्या रानांत आणण्याकरितां वाटेच्या शेवटच्या शेतांतून नळी पुरूं द्या म्हणून विनंति केली होती. त्या शेताच्या धन्यानें साफ नकार दिला होता. आबांनीं लांबून वळसा घालून नळी आणली, त्यासाठीं म्हैस विकली, आणि पुढें त्या घराशीं बोलणें टाकलें. नकार देणारा आतां हयात नव्हता. पण आज वाटेची सर्वांत मोठी गरज त्याच्याच मुलाला होती. बाजेवरून जिला न्यावें लागलें ती त्याचीच बायको.

येथें थोडें दूरच्या मुलखाकडे वळतों, कारण दाराशीं जाऊन वाट मागण्याची रीत आमच्याच गरीब शिवाराची आहे असें कोणाला वाटूं नये. आमचे एक आप्त नोकरीनिमित्त अमेरिकेच्या व्हर्मोंट संस्थानांत कांहीं वर्षें होते. त्या बाजूला हिवाळ्यांत चार चार महिने बर्फ असतें, आणि बर्फावरून धावणारी स्नोमोबाइल नांवाची लहान गाडी लोक हौसेनें चालवितात. शेजारच्या कॅनडांत क्वेबेक प्रांतीं जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए यानें १९५९ सालीं 'स्की-डू' ही गाडी विकावयास काढली, तेव्हांपासून हा छंद फार पसरला. या गाड्यांच्या वाटा रानांतून आणि शेतांतून मैलोगणती जातात, आणि त्यांचा पुष्कळसा भाग खासगी मालकीच्या जमिनींतून जातो. म्हणून गांवोगांव स्वयंसेवकांचीं मंडळें आहेत. व्हर्मोंटमधल्या मंडळांची मध्यवर्ती संस्था १९६७ सालापासून चालत आली आहे. बर्फ पडण्यापूर्वीं, पानगळीच्या दिवसांत, हे लोक करवती घेऊन निघतात, वाटेवर पडलेलीं झाडें तोडतात, ओढ्यांवरचे लांकडी साकव दुरुस्त करितात, पाट्या लावतात. आणि खर्चासाठीं सभासदांची वर्गणी घेतात, गांवजेवणें घालतात, सोडती काढतात. परंतु या सर्वांपूर्वींचें काम म्हणजे जमीनमालकाच्या घरीं जाणें. आमचे आप्त सांगत कीं त्यांच्या गांवचीं माणसें दर वर्षीं शेतकऱ्याच्या दारीं जाऊन, यंदा वाट ठेवूं ना, असें विचारीत. एका मालकानें नाहीं म्हटलें तर दोन्हीकडची मैलोगणती वाट तुटते. तेथें ती मौज आहे, येथें ती पोटापाण्याची बाब आहे, हा भेद लहान नव्हे. तथापि त्या श्रीमंत मुलखांतहि वाट पैशानें पुरी होत नाहीं, ती कोणाच्या तरी होकारावर अडलेली असते, ही गोष्ट आमच्या पारावरच्या मंडळींना आम्हीं सांगितली तेव्हां त्यांना मोठें नवल वाटलें आणि थोडें बरेंहि वाटलें.

तिसऱ्यांदा आबांकडे जो गेला तो त्या शेवटच्या शेताचा मुलगा. एकटाच, आणि रात्रीं. काय बोलणें झालें तें पुढें त्यानेंच आमच्या चुलतभावांना सांगितलें. तो म्हणाला, "आबा, बापानं नाही म्हणलं ते चुकलं. माझ्या रानातून कुठूनबी पाईप न्या, मी स्वतः खंदून देतो." आबा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "पाईप आता कशाला? हीर आटून आठ वर्सं झाली." म्हणजे फेडावयाचें म्हटलें तरी तें ऋण आतां फेडण्याजोगें उरलें नव्हतें. मुलगा उठूं लागला, तेव्हां आबांनीं त्याला बसविलें आणि म्हणाले, "तुझ्या बायकोला बाजंवरून न्हेलं तवा चार खांद्यांत एक माझाबी व्हता. आता खांदा चालत न्हाई. गाडी येऊ द्या."

दुसऱ्या दिवशीं तरुणांनीं संमतिपत्र लिहून आणलें. त्यावर मात्र नवाच वाद झाला. मुलाचें म्हणणें, आबांचा शब्द आम्हांला पुरे आहे, पण उद्यां त्यांच्या माघारीं कोणी वाट बंद केली तर? म्हणून कागद हवा. आबांचें म्हणणें, सही करतों. पण कागद झाला म्हणजे तुम्ही पुन्हां माझ्या दारीं येणार नाहीं. आम्हांला त्या क्षणीं दोघेहि खरे वाटले. हक्कावांचून वाट टिकत नाहीं. आणि हक्क झाला कीं देणाराला विसरावयाला माणसें मोकळीं होतात. पूर्वींची ती पांदणहि कोणी तरी दिलेलीच असेल. तिच्या दात्याचें नांव नकाशावर नाहीं, आणि कदाचित् म्हणूनच तिच्या कडा कोरतांना कोणाचा हात अडखळला नाहीं. अखेर असें ठरलें कीं आबांनीं सही करावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावें कीं दर पाडव्याला वाटेवरच्या पांच माणसांनीं आबांच्या घरीं जाऊन यंदाची वाट विचारावी. कायद्याच्या दृष्टीनें या कलमाला कांहीं अर्थ नाहीं, हें आम्ही जाणतों. पण बैठकीनें तें एकमतानें लिहून घेतलें.

वैशाखांत काम झालें. पहाटे चारपांच वाजतां बायामाणसें कुऱ्हाडी घेऊन येत आणि ऊन चढण्याच्या आंत बाभळीचें शंभर पावलांचें रान साफ करीत. काट्याचे ढीग ज्याला कुंपणाला हवे त्यानें न्यावे. जेसीबी चौदा तास चालला. ओढ्यावर सिमेंटचे आठ नळे दोन ओळींनीं बसविले. ते बसवितांना गांवच्या गवंड्यानें मजुरी घेतली नाहीं, भाकरी मात्र प्रत्येक घरची मागून खाल्ली. शेजाऱ्याच्या नांगरटीला आपले बैल नेऊन जेवणावर काम करण्याची इर्जिक आमच्याकडे जुनी आहे. ट्रॅक्टर आल्यापासून ती मोडली असें आम्ही समजत होतों. ती त्या पंधरा दिवसांत ट्रॅक्टरांसह परत आलेली दिसली. आबा रोज धुऱ्यावर बसून राहात आणि यंत्र आंखलेल्या रेषेच्या आंत वीतभर आलें कीं काठी वर करीत. साडेतीन गुंठे देणारा मनुष्य एका विताकरितां भांडतो याचें कोणाला हंसूं आलें, पण आम्हांला आलें नाहीं. स्वखुषीनें दिलेल्याची मर्यादा पाळली गेली पाहिजे. ती न पाळल्यामुळेंच तर जुनी पांदण गेली होती.

काम संपल्यावर हिशेब पारावर लावला. रोख जमा, डिझेल, खेपा, मजुरीचे रोज असे चार रकाने होते. मास्तरांनीं तो वाचून दाखविला, आणि एक म्हातारी मध्येंच म्हणाली, "आन् आबांचं कुठंय?" खरेंच, आबांचें नांव कोठेंच नव्हतें. त्यांना पट्टी माफ होती, ट्रॅक्टर नव्हता, मजुरीला ते आले नव्हते. तेव्हां मास्तरांनीं पांचवा रकाना आंखला, वर 'जमीन' असें लिहिलें, आणि गुंठे किती लिहूं म्हणून विचारलें. आबा म्हणाले, "नांव लिहा. गुंठे ऱ्हाऊं द्या. आकडा दिसला का घरात रोज निघल." म्हणून त्या रकान्यांत नुसतें नांव आहे.

पहिल्या पावसाळ्यांत वाट टिकली असें सरसकट म्हणतां येणार नाहीं. दोन ठिकाणीं मुरूम खचला. जेथें एका खातेदारानें चर खणूं दिला नव्हता तेथेंच तो खचला. साडेसहा हजार रुपये पट्टी अजून येणें आहे, आणि तींत बागाइतदारहि आहेत. परंतु त्या साली सोयाबीनच्या वेळीं मळणीयंत्र शेवटच्या शेतापर्यंत गेलें; दुधाची मोटारसायकल वस्तीपर्यंत जाऊं लागली; आणि बाजेचे बांबू त्या घराच्या पडवींत वेलाला आधार म्हणून लावलेले आम्हीं पाहिले. यंदाच्या पाडव्याला आम्हीहि त्या पांचांत होतों. आबा आतां फारसे उठत नाहींत. वाट विचारली तेव्हां त्यांनीं नातवाकडे पाहिलें, आणि त्यालाच उत्तर द्यावयास सांगितलें. मुलगा दहा-अकरा वर्षांचा. एवढीं मोठीं माणसें आपल्याला कांहीं मागत आहेत हें पाहून तो लाजला, आणि "हो" म्हणाला. मग खचलेल्या दोन जागांसाठीं किती खेपा लागतील याचा हिशेब तेथेंच ओसरीवर बसून सुरू झाला.